बोल्टखालचा रंग

“मिस्त्री कुठाय?” असं कुणी दुकानात येऊन विचारलं, की वायरवालीचा पारा तिथंच अर्धा चढायचा. हातात मीटर, कपाळाला ग्रीस, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, तरी माणसं तिच्या खांद्यावरून आत नवऱ्याकडेच बघायची. तो काउंटरमागे केबलींना टोकं बसवत असायचा. मान वर न करता म्हणायचा, “समोर उभी आहे की.”

गाड्यांच्या वायरिंगचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. वडिलांनी दुकान दिलं धाकट्या भावाला आणि तिला लग्नात मिक्सर. भावानं दोन वर्षांत तिथं मोबाइलची कव्हरं टांगली. तेव्हा ती “जाऊ दे” म्हणाली होती. त्या दोन शब्दांचा राग अजून तिच्या हातात होता. स्क्रू ती गरजेपेक्षा जरा जास्तच आवळायची.

त्या दिवशी एका मालकानं आपला छोटा ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणला. ट्रक नव्या रंगानं चकचकत होता. मागे ड्रायव्हर, हातात कपड्यांची पिशवी.

“नवी बॅटरी टाका,” मालक अर्थातच नवऱ्याला म्हणाला. “महिन्यात ही दुसरी बसवली, तीही गेली. हा बाबा रात्रभर पंखा लावून केबिनमध्ये घोरतो. आज किल्ली काढून घेतली याची. अकरा वर्षं पोसला.”

ड्रायव्हरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बॅटरी तपासली कुणी?” वायरवालीनं विचारलं.

“तपासायचं काय त्यात? गाडी उठत नाही म्हणजे बॅटरी गेली.”

हेच तिच्या डोक्यात जायचं. दिवा मंद झाला, बदला बॅटरी. हॉर्न घोगरा झाला, बदला बॅटरी. ताप आला म्हणून डोकं बदलण्यातला प्रकार.

तिनं मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती. किल्ली मागून घेऊन ती केबिनमध्ये चढली. किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘कट’ झालं. इंडिकेटर लावला तर हेडलाइटही त्याच्याबरोबर मिचमिचायला लागले. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परत यायलाही वाट लागते, आणि ती वाट म्हणजे गाडीचं लोखंड. इथं वाटच अडली होती.

किल्ली मालकाला परत देऊन उतरताना तिची नजर वर गेली.

“कुठला पंखा लावून झोपतो हा?”

“केबिनमधला.”

“तिथं पंखाच नाही. नुसती पट्टी आहे, आणि वायरींच्या टोकांवर बोटभर धूळ.”

“गेल्या उन्हाळ्यात जळला,” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “दोनदा सांगितलं होतं.”

“मग रेडिओ लावत असेल,” मालक म्हणाला.

“आणि तुम्ही गप्प का बसलात?” तिनं ड्रायव्हरला विचारलं.

“उलट बोलतो म्हणाले असते. जाऊ द्या, ताई.”

मालकाचा आला नव्हता इतका राग तिला याचा आला.

नवऱ्याकडून तिनं जाड केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायला ती खाली सरकली.

“किल्ली ड्रायव्हरना द्या.”

“मी फिरवतो ना,” मालक म्हणाला.

“गाडी गिअरमध्ये नाही, हे बघता येतं तुम्हाला? चाकापाशी मी पडलेय. अकरा वर्षं ज्यानं चालवली, त्याच्याच हातात किल्ली हवी.”

मालकानं किल्ली दिली. ड्रायव्हरनं आधी गिअर हलवून पाहिला, मग किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला उठलं.

“रंग कधी दिलात?” तिनं खालूनच विचारलं.

“महिना झाला. खालपासून वरपर्यंत, दोन हात,” मालक कौतुकानं म्हणाला.

पेंटर मोठा नीटनेटका निघाला. बॅटरीची केबल जिथं गाडीच्या लोखंडाला जोडतात तिथला बोल्ट त्यानं काढला, खालची जागा गुळगुळीत रंगवली आणि बोल्ट परत घट्ट बसवला. वीज रंगावर येऊन थांबत होती आणि बोलणी ड्रायव्हर खात होता. तिनं इंजिन बंद करवलं, बोल्ट काढून पांढरं लोखंड दिसेपर्यंत जागा घासली, बोल्ट आवळला. आता तिच्या केबलीशिवायही गाडी सुरू झाली.

“चला, किरकोळच निघालं,” म्हणत मालकानं किल्लीसाठी हात पुढे केला.

“किरकोळ?” ती हात पुसत मध्ये उभी राहिली. “माणूस पिशवी भरून आलाय. त्याला काय सांगताय?”

“उद्या सहाला माल भरायचाय.”

“ते मला कळलं. त्याला काय सांगताय?”

आत नवऱ्यानं हातोडी खाली ठेवली. मालक हेडलाइटकडे वळला.

“माझी चूक झाली,” तो हेडलाइटलाच म्हणाला. “गाडी तूच चालव.”

ड्रायव्हरनं पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. निघाला मात्र नाही. काच खाली करून म्हणाला, “ताई, एक पंखा बसवून द्या.”

“पंखा कशाला आता?” मालक म्हणाला.

“रात्रभर लावून झोपलो म्हणता ना,” ड्रायव्हर म्हणाला. “एकदा लावून तरी बघतो.”

वायरवालीनं मालकाकडे पाहिलंच नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन ती केबिनमध्ये चढली आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाली, “वरच्या फळीवरचा दे. मोठा.”