तंबूच्या दाराकडे पाठ

माझा साडू चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या दांड्या गरम करून वाकवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात आरसा देऊन "वा, तरुण दिसता हं" म्हणायचं, हे त्याचं काम. डोळ्यांचे डॉक्टर दुकानात अधूनमधून येतात. ते नसले की हाच मशीनसमोर बसतो आणि लोकांचे नंबर काढतो. मालक काही बोलत नाही. मालकाचा मुलगा मात्र, कालचं पोरगं, सगळ्यांसमोर "ए, काचा पुस" म्हणतो आणि हा पुसतो. घरी माझी मेहुणी बोलते आणि हा मान हलवतो.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, बिचारा, जाऊ दे. पण हा माणूस मुलांचं एक पथक चालवतो. दर उन्हाळ्यात पोरं घेऊन तळ्याकाठी शिबिराला जातो, आणि तिथं पाय ठेवला की राजा होतो. माझी मिनीबस आहे, नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे, म्हणून हे राज्य मला दरवर्षी डोळ्यांनी बघावं लागतं. शिट्टी गळ्यात, टोपी तिरकी. पोरं त्याला चीफ म्हणतात. चीफ कसला डोंबलाचा! तंबूची एक खुंटी सरळ ठोकता येत नाही, वल्हं धरलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण या गाईला चारही पाय नाहीत. याला येतात फक्त पत्ते.

आता पोरांचं पत्त्यांचं वेड कसं असतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. समोर एवढं मोठं तळं, रान, आणि ही कार्टी तंबूत घुसून घामाघूम होऊन पत्ते कुटतात. एक वर्ष गाढव. एकमेकांच्या हातावर चापट्या मारून सगळ्यांचे पंजे सुजलेले, चमचा धरवत नाही, पण गाढव चालूच. मग एक वर्ष झब्बू. मग चॅलेंज. त्या वर्षी तर जेवताना मीठ मागितलं तरी पोरं "चॅलेंज!" ओरडायची. गेल्या वर्षीचा खेळ विचारला तर असं बघतात जणू मी आजोबांचं धोतर नेसून आलोय.

मला वाटायचं, ही वेडं आपोआप येतात नि जातात. छे! पोरं एखाद्या खेळात याच्यापेक्षा हुशार झाली की साडू तो खेळ बंद करायचा. गाढवात पोरांचे हात याच्या हातापेक्षा चपळ झाले, तेव्हा म्हणाला, हा खेळ हिंसक आहे. चॅलेंजमध्ये खोटं बोलताना याचे कान लाल व्हायचे, बारकं पोरसुद्धा ओळखायचं. लगेच भाषण: "मुलांनो, या खेळानं खोटं बोलायची सवय लागते." नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी त्यानं स्वतःचा एक खेळ आणला, दोघांचा हुकूम. तेरा तेरा पानं, एक हुकूम, ज्याचे हात जास्त तो जिंकला. "हा डोक्याचा खेळ आहे," असं टोपीला हात लावून सांगायचा. तेव्हापासून पथकात तोच खेळ टिकला. बाकी सगळी वेडं एका वर्षाची, हे मात्र हलेना, कारण यात चीफ हरत नव्हता.

पथकाचा एक रिवाज आहे. शेवटच्या दिवशी अंतिम सामना होतो. हरणारा मोठं करपलेलं पातेलं घासतो. जिंकणारा परतीच्या वाटेवर शिट्टी गळ्यात घालून माझ्या शेजारच्या सीटवर बसतो, बाकीचे मागे. म्हणजे दरवर्षी घरापर्यंत हा माझ्या कानाशी शिट्टी वाजवत येणार आणि सांगणार की डोकं लागतं साडूभाऊ, डोकं.

एकदाच हरला. मागच्या वर्षी, स्वतःच्या मुलाकडून.

हा माझा भाचा. सगळे त्याला बदक म्हणतात, कारण पाण्यातून बाहेर काढावा लागतो. लहानपणापासून त्याचं एकच चाललंय, मोठ्या जहाजावर जायचं. जहाजावरच्या कामाचं शिक्षण देणारी एक शाळा आहे, तिचा फॉर्म त्यानं कधीचा आणून ठेवला होता. तिथं डोळे स्वच्छ लागतात. चष्मेवाल्याला घेतच नाहीत. बदकाला त्याची काय काळजी? पोरगं मैलभर लांबचं होडीवरचं नाव वाचायचं.

आणि त्या शिबिरानंतर पंधरवडा गेला नसेल, त्याच्या नाकावर चष्मा!

"डोळे बारीक करून बघतो हल्ली," साडू म्हणाला. "मी स्वतः तपासला. नंबर आहे. काय करणार, नशीब!" मेहुणी रडली. बदक रडला नाही, पण होड्यांची चित्रं भिंतीवरून काढून त्यानं पलंगाखाली सरकवली. फॉर्मवर वडिलांची सही लागते, ती साडू करेना. "तपासणीत नापास होऊन फजिती कशाला? दुकानात लागेल माझ्याबरोबर." काचा पुसायला आणखी दोन हात मिळाले, दुसरं काय.

या वर्षी शिबिराला जाताना बदक माझ्या मागच्या सीटवर होता. डोकं दुखतं म्हणून त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तेवढ्यात म्हणाला, "काका, पुढं रस्ता बंद आहे, डावीकडून जा असं लिहिलंय." मला पाटीच दिसत नव्हती, पाटीवरचं काय वाचणार! बरंच पुढं गेल्यावर दिसली. तसंच लिहिलं होतं.

"अरे, चष्मा लावल्यावर कसं दिसतं मग?" मी विचारलं.

"थोडं अंधुक दिसतं. सवय होईल म्हणतात बाबा." मग हळूच म्हणाला, "त्यांना सांगू नका हं. त्यांनी स्वतः करून दिलाय. वाईट वाटेल."

घोटाळा आहे एवढं कळलं. का, ते कळेना.

ते कळलं शेवटच्या दिवशी दुपारी. जेवणं झाली होती, पोरं तंबूत हुकूम खेळत बसली होती. साडू कुठं तरी उठून गेला आणि मी त्याच्या जागेवर टेकलो. ही जागा तो कुणाला देत नाही. तंबूच्या दाराकडे पाठ करून बसतो. का, तर म्हणे पाठीला वारा लागतो. समोर लंबू होता, गुडघे दुमडूनही तंबूत न मावणारा चष्मेवाला पोरगा. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या चष्म्याच्या काचेत मला इस्पिकची राणी दिसली. शेजारी बदामचा गुलाम. दारातून माझ्या पाठीमागून येणारा सगळा उजेड त्यानं मांडीवर कलती धरलेल्या पानांवर पडत होता, आणि पानं काचेत उमटली होती. आरशात बघावी तशी.

डोक्याचा खेळ! शी!

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. काचांवर चमक घालवणारा थर असतो ना, तो पथकातल्या पोरांच्या आईबापांना हा कधी घेऊ द्यायचा नाही. "सोलून निघतो, फुकट जातो," म्हणायचा. लंबूचा चष्मा याच्याच हातचा. त्याच्याआधी जो पोरगा चांगला खेळायचा, त्याचाही. आणि मागच्या वर्षी ज्याला चष्मा नव्हता, त्यानं याला हरवलं होतं.

माझी मस्तकाची शीर तडतडायला लागली. मेल्या, पोराचं जहाज बुडवलंस, कशासाठी? पातेलं घासायला लागू नये म्हणून? शिट्टीसाठी?

मी बाहेर गेलो. बदक काठावर एकटाच होडीतलं पाणी उपसत होता. त्याला हाताला धरून आणलं, बापाच्या जागेवर बसवलं आणि म्हटलं, "लंबूच्या चष्म्यात बघ."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. लंबू म्हणाला, "काय रे, तोंडाला काही लागलंय का?" बदकानं मान हलवली. स्वतःचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. मला वाटलं, गिळलं पोरानं. बापावरची माया, दुसरं काय.

अंतिम सामना बापलेकांचाच झाला. साडू दाराकडे पाठ करून बसला. सगळं पथक तंबूत कोंबलेलं. साडूनं पानं पिसली, ऐटीत वाटली, इस्पिक हुकूम ठरला. बदकानं आपली पानं उचलली, लावली. मग चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि तो बापाच्या गुडघ्यासमोर सतरंजीवर ठेवला.

"अरे, घाल तो!" साडू म्हणाला. "तुला दिसायचं नाही."

"दिसतंय. उतारी तुमची."

साडूनं एक पान टाकलं, बदकानं कापलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. साडू पोराच्या तोंडाकडे बघत राहिला, डोळ्यांत, नाकावर, जिथं काहीच नव्हतं तिथं. कपाळावर घाम. हुकमाचा एक्का त्यानं दुरीवर वाया घालवला. असा हुशार खेळाडू! पाठीला वारा लागत होता तरी शर्ट भिजला.

पोरं ओरडायला लागली तेव्हा हातांची बेरीज करायचीही गरज राहिली नव्हती. साडूनं उरलेली पानं खाली टाकली आणि विचारलं, "तुला चष्म्याशिवाय दिसलं कसं?"

बदक म्हणाला, "मला नेहमीच दिसत होतं, बाबा. तुम्हाला आज दिसलं नाही."

लंबूनं हळूच आपला चष्मा काढला आणि काचांकडे बघितलं. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. साडूचे कान लाल झाले, चॅलेंज खेळताना व्हायचे तसे. पितळ उघडं पडलं होतं. एका बारक्यानं फक्त ते करपलेलं पातेलं आणून त्याच्यासमोर ठेवलं, आणि वर घासणी.

घासलं त्यानं. नीट घासलं नाही, ते सोडा.

परतताना बदक माझ्या शेजारी बसला. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवली नाही. साडू सगळ्यात मागे, भांड्यांच्या पोत्याजवळ. निम्म्या रस्त्यात त्याचा तो चीफचा आवाज आला, "पत्त्यांनी मुलं बिघडतात. पुढच्या वर्षीपासून शिबिरात पत्ते बंद." निर्लज्जपणाला सीमा असते म्हणतात. मला तरी अजून दिसलेली नाही.

बदक मागे न वळता म्हणाला, "बाबा, घरी गेल्यावर फॉर्मवर सही करा."

गाडी एका खड्ड्यातून गेली, भांडी खणखणली.

"करतो," मागून आवाज आला. आणि जरा वेळानं, अगदी बारीक, "खरंच दिसतं ना रे तुला?"

बदकानं लांब पुढं चाललेल्या ट्रककडे बोट केलं आणि मागच्या पाटीवरचा नंबर घडाघडा वाचून दाखवला. मी डोळे ताणले. मला ट्रक दिसत होता, नंबर काही दिसेना.

मला चष्मा लागलाय बहुतेक. लागू दे. पण मेलो तरी साडूच्या दुकानात पाय ठेवणार नाही.