बिबट्या होणारे हीरालाल मास्तर

पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. जामनेरच्या एका शाळेत हीरालाल मास्तर विज्ञान शिकवायचे. घराणं मारवाडी जैन, वडिलांचं किराण्याचं दुकान. कांदा-लसूण घरात नाही, दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही. आणि हाच माणूस दर हिवाळ्यात पोरांना डोंगरातल्या अंजनाच्या झाडांच्या जंगलात नेऊन बिबट्या व्हायचा! खेळात पोरं कोणी गवत, कोणी टोळ, कोणी सरडा, तर कोणी भेकर, म्हणजे छोटं हरीण, व्हायची. कोण कोणाला खातं, तशी दुकानातली सुतळी हातोहात फिरायची. बिबट्या व्हायला पोरं भांडायची, म्हणून ते काम मास्तर स्वतःकडे ठेवायचे. काय दिवस होते! ते जंगलही आता तसं दाट राहिलं नाही.

एका हिवाळ्यात धुळ्याचे पुखराजजी आपल्या लेकीसाठी, धनकुंवरसाठी, मास्तरांना बघायला आले. धनकुंवरला मास्तरांनी एका लग्नात पाहिलं होतं, तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण पाहुणे थेट जंगलातच येऊन थडकले. पाहतात तर होणारे जावई पोरांना सांगताहेत, "मी भेकर खातो!"

पुखराजजींनी कानांवर हात ठेवले. "मास्टरसाब, जैनाच्या तोंडी हे शोभतं का? बिबट्या तेवढा वगळा. सोयरीक पक्की समजा."

मास्तरांनी सुतळी खाली ठेवली. खेळ चालू राहिला. भेकरांना आता धाक उरला नाही. खेळाच्या नियमानं दर फेरीला त्यांच्यात नवी पोरं वाढली आणि सगळी गवताची सुतळी ओढू लागली. गवत झालेला चुडामण रडकुंडीला आला.

"गुरुजी, आते बठ्ठा भेकर माले एकलालेच खातीन! तुम्ही या ना!"

मास्तर उठले, सुतळी पुन्हा हातात घेतली.

"माफ करा, पुखराजजी. बिबट्या वगळून हे जंगल मला शिकवता येणार नाही."

पुखराजजी पाणीही न पिता परतले. मास्तरांनी धनकुंवरची आशा सोडली, आणि पंधरवड्यातच होकार आला!

असं कसं झालं, ते धनकुंवरनं लग्नानंतर सांगितलं. वडील घरी तावातावानं सगळं सांगत होते, कधी मान वर न करणारी ती दाराआडून पुढे आली आणि म्हणाली, "बापूजी, माझ्यासाठीसुद्धा ज्यांनी पोरांना खोटं शिकवलं नाही, ते माझ्याशी कधी खोटं बोलतील का?"