अप्पांच्या गादीवर ठेवलेलं पोर

मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा एकाच वर्गात होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पण निजामाच्या राज्यात तो उर्दूत शिकला होता. मिलिटरी येऊन गेली, राज्य बदललं आणि चिटगुप्प्याच्या शाळेत मराठी सुरू झाली, तेव्हा त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवलं. त्याच दिवशी मलाही शाळेत घातलं. एकाच पाटावर बसून आम्ही दोघांनी श्रीगणेशा केला.

चौथीत असताना दिवाळीआधी आम्हाला धाकटा भाऊ झाला. अव्वा, म्हणजे आमची आई, चाळीस दिवसांनी उठली आणि तिनं ते पोर माझ्या डाव्या कडेवर दिलं. तेव्हापासून ते तिथंच राहिलं. त्याला न्हाऊ घालणं, पेज भरवणं, बाळोती धुणं, झोळी हलवणं, सगळं माझ्याकडे. माझा परकर डाव्या बाजूला कायम ओला असायचा. पाढे मी अंगणात फेऱ्या मारत पाठ केले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "गुणाची पोर गं!" त्या शब्दाची मला चीड होती. अण्णा गोट्या खेळून घामेजून घरी यायचा, त्याला कुणी गुणाचा म्हणत नसे आणि त्याचं काही अडतही नसे.

तरी मी शाळा सोडली नाही. पोर घेऊन दाराजवळ बसायचे. रडलं की बाहेर, निजलं की आत. मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचे.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी अव्वानं अण्णाच्या हातावर दही-साखर ठेवली आणि माझ्या कडेवर पोर. तिला दुबलगुंडीच्या वाटेवरच्या आमच्या खळ्यावर जायचं होतं. ज्वारीची मळणी चालू होती, गड्यांच्या भाकरी बांधून झाल्या होत्या.

मी म्हटलं, "अव्वा, आज परीक्षा हाय."

"अण्णाची हाय की. तुझी कशाची परीक्षा?"

"एकच वर्ग, एकच पेपर. मग मलाच कामून न्हाई?"

"अन् पोराला कोण बघंल?"

"अण्णाला सांग."

अव्वा हसली. रागावली असती तर मी गप्प बसले असते. पण ती अशी हसली, की जणू मी बैलाचं दूध काढायला सांगितलंय. हसत हसतच ती गाडीत बसली आणि गेली.

मी पोर घेऊन शाळेत गेले. मास्तरांनी दारातच अडवलं. "आज साहेब आलेत. लेकरू घेऊन बसता येणार नाही. घंटा व्हायला वेळ आहे, याला कुठंतरी ठेवून ये."

कुठंतरी म्हणजे कुठं? मला एकच जागा सुचली. दोन गल्ल्या ओलांडून मी बाजारात अप्पांच्या कापडाच्या दुकानात गेले. अप्पा कपाळावर विभूती लावून पांढऱ्या गादीवर बसले होते. समोर राजेश्वर गावाहून आलेल्या दोन बायका खण बघत होत्या. मी चढून गेले आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अप्पा, धरा."

"काय करायलीस हे?"

"परीक्षेला जायलेय."

"अन् हे पोरगं?"

"तुमचंच हाय की."

त्यातली एक बाई पदराआडून म्हणाली, "खरं अद, खरंच हाय!" आणि दोघी खुदखुदल्या. अप्पा काही बोलायच्या आत मी पायरी उतरले. मागं पोरानं भोकाड पसरलेलं ऐकू आलं. मी वळले नाही. रडवेली झाले होते, पण वळले नाही.

पेपर मराठीचा होता. लिहिताना मी सारखी डावीकडे झुकत होते. कडेवर काही नाही याची शरीराला सवयच नव्हती.

अर्धा पेपर झाला असेल, तोच दारात अप्पा. धोतर ओलं, खांद्यावर पोर, पोराच्या मुठीत खणाचा तुकडा.

"ऊठ. बाहेर ये," अप्पा म्हणाले.

"अर्धा पेपर राहिलाय."

"ऊठ म्हणलं न्हवं?"

अण्णानं मान खाली घातली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी उठले नाही. तेवढ्यात परीक्षेचे साहेब खुर्चीवरून म्हणाले, "काय पाहिजे आपल्याला?"

अप्पा साहेबांपुढे नेहमीच नरमायचे. म्हणाले, "काही न्हाई साहेब. पोराला जरा फिरवायलोय."

आणि घंटा होईपर्यंत चिटगुप्प्याचे कापड व्यापारी शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली पोर घेऊन येरझाऱ्या घालत राहिले.

संध्याकाळी अव्वाला कळलं. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला. "भर बाजारात बापाची आब्रू घालवलीस!" अप्पा पाय धुवत होते. म्हणाले, "उद्या गणिताचा पेपर हाय हिचा. तू पोराला खळ्यावर घेऊन जा."

झालं. माझ्यावरचा अव्वाचा राग तिथंच वळला.

"मी नेऊ? तिथं उन्हात भाकरी वाढू का पोर धरू? मी दिवसभर राबायलेय, आन् तुमी गादीवर बसूनच असता न्हवं? झोळी दुकानात बांधा!"

अव्वाला अप्पांशी इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. अप्पांनी तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत झोळी बांधलेली होती, आणि दुपारनंतर अण्णाचा नंबर लागला. पोराला त्यानं पोत्यासारखं धरलं होतं. मी दाखवलं नाही. म्हटलं, शिक. मलाही कुणी दाखवलं नव्हतं.

आम्ही दोघंही पास झालो. म्हणून काही घर बदललं नाही. पुढच्या साली अव्वाला पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा सगळे म्हणाले, आता पोरीची शाळा बस्स. मी पुन्हा भांडले. प्रत्येक इयत्तेला भांडले, सातवी होईपर्यंत. मग मास्तरीण झाले.

म्हातारपणी अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरीला मी शिकवलं." मी समोरच म्हणायचे, "तुमी तीन दिवस पोर सांभाळलं, अप्पा. शिकले मी."

तो धाकटा भाऊ आता नातवंडांचा आजोबा झालाय. लग्नकार्यात कौतुकानं सांगतो, "अक्कानं मला खेळवत खेळवत वाढवलं." त्याचा जीव आहे माझ्यावर, माझाही त्याच्यावर आहे. तरी मी त्याला तिथंच दुरुस्त करते. मी तुला खेळवत नव्हते रे. मी काम करत होते. चांगलं केलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.