मावशींच्या दारातली पिठलं-भाकरी

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. बेने इस्राएली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात, शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, गॅसही पेटवत नाहीत. मराठी मात्र माझ्यापेक्षा झणझणीत!

मी पुनावळ्याच्या शाळेत इतिहास शिकवते. नववीतला एक दिवटा वर्गात म्हणाला, "हिटलर भारी माणूस होता." माझं डोकंच फिरलं. ज्यूंच्या संहारावर खास तास ठेवला आणि मावशींना वर्गात बोलायला यायची गळ घातली. त्या नकोच म्हणत होत्या. "अगं, आम्ही इथं सुखात होतो. आमच्या घरचं कुणी गेलं नाही त्यात. आणि इथल्या लोकांना त्याचं काय पडलंय?"

शेवटी आल्या. आधी त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे ते सांगितलं, मग तिकडे युरोपातल्या छावण्या, उपाशी मारलेली लेकरं. वर्गातल्या एकानंही प्रश्न विचारला नाही. रिक्षात मावशी म्हणाल्या, "बघितलंस? पालथ्या घड्यावर पाणी. परत मला बोलावू नकोस." मला इतकं वाईट वाटलं!

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बसले होते, तर बेल वाजली. दारात शाळेतून पत्ता घेऊन आलेल्या, माझ्या वर्गातल्या पोरांच्या तीन-चार आया, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. पोरांनी घरी अर्धवटच सांगितलं होतं, की मावशींच्या घरची माणसं मारली. मग काय! दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच न्यायची असते.

"पोरगं रातच्याला जेवलं न्हाई ओ," एक म्हणाली. "म्हनलं, जाऊन यावं."

अहो, गैरसमज झालाय, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर मावशींनी माझा हात गच्च दाबला. बायका घटकाभर बसल्या. निघताना 'येते' म्हणाल्या नाहीत. अशा घरातून निघताना म्हणत नाहीत.

"खरं सांगायचं होतंत ना," मी म्हटलं.

"काय सांगू? आमच्यातही सुतकातलं पहिलं जेवण शेजारीच आणतात." मावशींनी भाकरी मोडली. डोळ्यांना धार लागली होती. "त्या लोकांसाठी कुणी आणलं असेल गं? घरंच्या घरं गेली. भाकरी द्यायला दारात माणूस तरी उरलं होतं का?"

पिठलं निपटून खाल्लं त्यांनी. मग पातेलं घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शनिवार सोडून कधीही बोलव."