साहेबांचा फेटा

खळ घातलेल्या कापडाचा वास आला की मला जुन्नरचा तो सत्कार आठवतो. साहेब नवे नगराध्यक्ष झाले होते आणि माझे वडील, आबा, त्यांना फेटा बांधत होते.

"साहेब, आमच्या आळीला अजून नळ न्हाई," आबा हळूच म्हणाले.

साहेब आरशात बघत हसले. "तू फेटा बांध. गावाचं मी बघतो."

खोलीभर हशा पिकला. आबांनी शेवटचं टोक घट्ट खोचलं आणि फेटा पक्का बसला. तेव्हा मला आबांची लाज वाटली होती. आता त्या पक्क्या फेट्याचाच राग येतो.

आज साहेब खासदार आहेत. आबा गेले, नळ आलाच नाही. मघाशी साहेबांना फेटा मी बांधला आणि शेवटचं टोक मुद्दाम खोचलं नाही. आता ते स्टेजवर चढतायत. लोकांपुढे कमरेत वाकून नमस्कार करायची त्यांची जुनी सवय आहे.