खरझ आणि खर्ज

“खरझ! खरझ!” रियाधच्या सुलै भागातल्या रस्त्यावर मी असा ओरडत होतो की अर्ध्या शहराचे उंट दचकून उठले असतील. अरबीत खरझ म्हणजे मणी. माझ्या दापोलीच्या जिभेवर त्याचं खर्ज झालं, आणि टॅक्सीवाल्या पठाणाने “यल्ला, बैठो” म्हणत मला थेट दुधाच्या डेऱ्यांच्या अल खर्ज गावात नेऊन सोडलं. समोर गाईच गाई, रवंथ करत माझ्याकडे बघणाऱ्या!

तसाच परतलो आणि जुन्या बाजारात एका म्हातारीकडून हिरव्या काचेचे सात मणी घेतले. हजार वर्षं वाळूत निजलेले, अशी तिची थाप. मी वर आणखी दोन हजार चढवली, शिवाय एक राणी आणि चार लुटारूही जोडले.

माझी बायको सकीना गावी माळा ओवून विकायची, धावाधाव तिच्यासाठीच. खोलीवर येऊन फोनवर तिला गाई, राणी, लुटारू सगळं रंगवून सांगितलं, आणि ती हसेल म्हणून थांबलो. आज बॅग आवरताना ते खरखरीत, गार मणी तळहातावर आले, तर तेवढं थांबणंच आठवलं.

“ओवणं सोडून दोन वर्षं झाली,” ती तेव्हा फोनवर म्हणाली. “सुईचं नेढं दिसत नाही मला.”