तीन छत्र्यांचे मुखत्यार

उभ्या चांदा जिल्ह्यात दुसऱ्याच्या मालमत्तेला मुखत्यारभाऊंइतका भिणारा माणूस झाला नाही, आणि पुढेही व्हायचा नाही. वाघाला ते भीत नसत. आडवाटेला वाघ भेटलाच तर "बाजूले हो ना बावा" म्हणून पुढे जातील, असा त्यांचा लौकिक होता. पण मालकाच्या आमराईत गळून पडलेला आंबा दिसला, की यांच्या पायांना कापरं भरे. न जाणो, पाय लागायचा! सिंदेवाहीजवळच्या खेड्यात राहून ते नागपुरात जाऊन बसलेल्या तीन मालकांची शेतं, आमराया आणि बोड्या सांभाळत. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तीन मालक, म्हणून तीन छत्र्या. वकिलांच्या शेतात वकिलांची, डॉक्टरांच्या आमराईत डॉक्टरांची आणि बाईसाहेबांच्या बोडीवर बाईंची. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडताना हा गृहस्थ रणरणत्या उन्हात थांबायचा, एक छत्री मिटून काखेत मारायचा आणि दुसरी उघडायचा. "वकिलाच्या सावलीत बाईचं काम काऊन करावं?" हा त्यांचा बिनतोड सवाल. घरी परतताना मात्र तिन्ही छत्र्या मिटलेल्या आणि ऊन थेट टकलावर.

दात कोरायला ते मालकाच्या कडुनिंबाची काडी मोडत नसत, घरून आणत. एकदा डॉक्टरांचा एक आंबा नेमका त्यांच्या उपरण्यात पडला. दुसरा कोणी असता तर इकडेतिकडे पाहून चोखून मोकळा झाला असता. यांनी तो गवतात गुंडाळून नागपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर डॉक्टरांकडे धाडला. तो माणूस वाटेत दोन दिवस सासुरवाडीला राहिला. आंबा पोचला तेव्हा त्यातली कोय तेवढी ओळखू येत होती म्हणे.

अशा माणसाकडे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मालमत्तेची व्यवस्था शिकायला गेलो. मालगुजारी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी नागपूरच्या कॉमर्स कॉलेजात होतो आणि आमच्या प्राध्यापकांनी फर्मावलं होतं की, सुट्टीत कुणा जाणत्याच्या हाताखाली राहा, अहवाल लिहा आणि त्याची सही आणा. मी वही, दोन पेन्सिली आणि भरपूर शिष्टपणा घेऊन हजर झालो. महिनाभर मुखत्यारभाऊंनी मला नुसतं चालवलं. बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तिच्या बंधाऱ्यावरून चाल, धुऱ्यावरून चाल, काही विचारलं की "पाहून राह्यला ना? मंग पाहा." माझी वही कोरीच. मनातल्या मनात मी त्यांना येडा म्हणत होतो. आज लिहितानाही कान तापतात.

मे अखेरीस ते बाईसाहेबांना आणायला नागपूरला निघाले. बाई वर्षातून एकदा सासऱ्यांनी बांधलेली बोडी पाहायला येत. निघताना भाऊंनी बाईंची छत्री माझ्या हातात दिली. "पाच दिवस काहीच करू नोको," ते म्हणाले. "हेच काम हाये."

आता मला सांगा, अहवालात काय लिहू? पाच दिवस काही केलं नाही? बोडीचं पाणी आटून मधोमध एक डोह उरला होता आणि त्यात मासे नुसते खदखदत होते. मी किसनाभाऊ ढिवराला जाळं टाकायला सांगितलं. त्याच्यासारखी पाच-सहा घरं त्या बोडीच्या माशांवर जगत. किसनाभाऊ चपापला. "भाऊ, हा डोह खोलत नसते. बियाचे मासे हायेत. हे गेले तं पुढच्या साली आम्ही खावाव काय?"

मी त्याला निष्क्रिय मालमत्तेवर व्याख्यान दिलं. तो ऐकेना, तेव्हा छत्री उघडून त्याच्यापुढे धरली. "ही कोणाची?" बाईंच्या छत्रीपुढे तो बिचारा काय बोलणार? जाळं पडलं. एवढाल्या मरळी निघाल्या, तळ खरवडून निघाला, सगळा माल बाजारात गेला, आणि मी वहीत चार पानं भरली. कसला खुशीत होतो मी!

बाईंची बैलगाडी पाळीशी थांबली तेव्हा मी छत्री घेऊन ऐटीत उभा होतो. बाईंनी चिखल पाहिला. "डोह कोणी खोलला?" किसनाभाऊनं तोंड उघडलं, पण मुखत्यारभाऊंनी त्याला हातानंच थांबवलं. "माहा हुकूम होता, बाई."

मी काही बोललो नाही. अहवालाखाली भाऊंची सही अजून व्हायची होती ना! बाई म्हणाल्या, "उद्यापासून या बोडीकडे यायचं नाही." भाऊंनी माझ्या हातातली छत्री घेतली, नीट मिटली आणि बाईंच्या गाडीत ठेवली. वीस वर्षांचं काम होतं ते. रात्री त्यांनी माझ्या अहवालावर सही केली. खोटं काऊन बोललात, एवढं विचारायची हिंमत मी कशीबशी केली. "छत्री म्या देल्ली होती," ते म्हणाले, आणि कंदील घेऊन आत गेले.

त्या सहीवर मला नोकरी लागली. चार वर्षांनी माफी मागायला म्हणून गेलो, तर मुखत्यारभाऊ आदल्याच वर्षी वारलेले. किसनाभाऊनं मला घरात बसवलं. त्यानं सांगितलं की, डोह खोलला त्याच पावसाळ्यात भाऊंनी दूरच्या गावच्या तळ्यातून माशांची पिल्लं आणली, मडक्यांत घालून, कावडीनं, खांदा सोलेपर्यंत. "पण बाईची मनाई होती ना," किसनाभाऊ म्हणाला, "पाळीवर पाय नाई ठेवला त्यायनं. खालीच उभे राहत, मडके आमच्या हाती देत."

मग त्याच्या बायकोनं माझ्यापुढे भात आणि त्याच बोडीतल्या मरळीचा रस्सा वाढला. माझा हात ताटाकडे जाईना.

"खा ना भाऊ," किसनाभाऊ म्हणाला. "त्यायनं सांगून ठेवलं होतं. तो पोरगा येईल, त्याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नोका. मी म्हणो, नाई येत तो. ते म्हणत, येते."

मी मान खाली घालून जेवलो. तिनं आणखी एक तुकडा वाढला, आणि मला पुरे म्हणता आलं नाही.